नवसातली अट

राजुरेश्वरा, आज संकष्टी. चंद्र उगवायला अजून तासभर आहे. लेकरू निजलंय, आत्याबाई चुलीपुढं आहेत, लाइट आता कुठं आली म्हणून लेकराचे पप्पा मोटार लावायला मळ्यात गेलेत. एवढ्या वेळात मला तुझ्याशी त्या नवसाचं बोलून घ्यायचं आहे.

तुला आठवत असेल. तीन वर्षांपूर्वीची अंगारकी. जालन्याहून पायी निघालेली माणसं रात्रभर राजूरच्या रस्त्यानं येत होती आणि मी इकडून, केदारखेड्याकडून, लेकरू कडेवर घेऊन आले होते. रांगेत ते एवढं रडलं की पुढच्या बायांनी वाट करून दिली. एकजण म्हणाली, "बाई, ह्याला बाहेरचं काही आहे का बघ." तुझ्यासमोर पोचले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. पदर पसरला आणि म्हटलं, देवा, ह्याला बोलतं कर, चार लेकरांसारखं कर, त्याच्या वजनाएवढा गूळ तुझ्या दारात वाटीन.

तो नवस मला बुडवायचा नाही. त्यातली अट तेवढी परत घ्यायची आहे. नवसाशी असं करू नये म्हणतात, देव कोपतो म्हणतात. म्हणून आधी सगळं सांगते, मग तू ठरव.

तुला शूर्पकर्ण म्हणतात, सुपासारख्या कानांचा. सूप काय करतं हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. ज्वारी पाखडली की दाणा सुपात राहतो, फोल उडून जातं. बहुतेकांचे कानही असंच करत असतात. वर्गात गुरुजी बोलतात, पंखा फिरतो, बाहेरून ट्रॅक्टर जातो, आणि पोरांना गुरुजी ऐकू येतात. आमच्या लेकराला ते सूप नाही. पंखा, ट्रॅक्टर, गुरुजी, शेजारच्या पोराची पेन्सिल, सगळं एकाच मापानं आत शिरतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्याला हट्टी म्हणत होते, आणि हट्ट मोडायचा म्हणून मारलंसुद्धा आहे.

विसर्जनाच्या दिवशी तुझी मिरवणूक आमच्या घरावरून जाते. डीजेनं पत्रे थरथरतात. लेकरू कानात बोटं घालून धावतं आणि आत्याबाईंच्या गोधड्यांच्या थप्पीत शिरतं. जुन्या लुगड्यांच्या सात-आठ थरांच्या गोधड्या त्या, एकेक अंगावर घेतली तरी दडपून जावं. त्या वजनाखाली त्याचा श्वास हळूहळू जाग्यावर येतो. थंडीत घरात कापूस रचलेला असला की त्यातही ते असंच गळ्यापर्यंत रुतून बसतं. भाव वाढायची वाट बघत आम्ही कापूस घरात ठेवतो आणि त्या दिवसांत आमचं लेकरू सगळ्यात सुखी असतं. शहरात असं वजनाचं पांघरूण विकत मिळतं म्हणे. ह्यानं ते आपलं आपण शोधलं होतं, आणि आम्ही त्याला पाय धरून बाहेर ओढत होतो.

नवस बोलून मी नुसती बसले नव्हते. एका ठिकाणी उपचाराला नेऊ लागले. कुठं ते सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, त्यांना शिकवलंच तसं गेलं होतं. मी डीएड झालेली बाई, नोकरी नाही म्हणून मिरची तोडायला जाते. तिथल्या एका तासाला माझी दोन दिवसांची मजुरी जायची. एक छोटं टेबल, एक खुर्ची. लेकराला बसवायचे, उठू नये म्हणून खुर्ची पायानं अडवून धरायचे, आणि समोर बिस्किट. डोळ्याला डोळा भिडवला की बिस्किट. हात झटकायचा थांबला की बिस्किट. 'दे' म्हटलं की बिस्किट. नाहीतर बिस्किट परत डब्यात. घरीही असंच करा म्हणाले, आणि मी केलं. भाकरीचा तुकडा हातात वर धरून त्याच्यासमोर बसलेली आहे मी, देवा. भुकेलं लेकरू आणि वर धरलेला तुकडा. त्यानं माझ्या डोळ्यात बघितलं, तुकडा घेतला, आणि पुढं कितीतरी दिवस माझ्या तोंडाकडं बघायचंच सोडलं. रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं. एसटी दिसली की ते रस्त्यावर आडवं पडायचं.

बिस्किटाची ही रीत जुनी आहे हे मला नंतर वाचून कळलं. कॅलिफोर्नियात ओले इव्हार लोवास नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात ती बसवली. बक्षीस म्हणून घास. शिक्षा म्हणून दरडावणं, चापट, कधी विजेचा झटकासुद्धा. 1987 साली त्यानं लिहिलं की आठवड्याला 40 तास शिकवलेल्या 19 स्वमग्न मुलांपैकी 9 मुलं इतरांसारखी झाली. झटके पुढं बहुतेकांनी सोडले. 'इतरांसारखी' हे माप मात्र राहिलं. त्या टेबलापुढं बसून तुम्हाला काय वाटत होतं, हे मोठ्या झालेल्या त्या लेकरांना विचारायला जगाला फार वर्षं लागली.

आणि हे वाचलं त्या रात्री मला नवस आठवला. लेकरू बोललं तर गूळ. नाही बोललं तर गूळ परत डब्यात. मी तुझ्याशीही बिस्किटाचाच व्यवहार केला होता.

मग आम्हाला दुसऱ्या ताई भेटल्या. त्यांच्या खोलीत टेबल होतं, पण भिंतीला लावून ठेवलेलं. त्या खाली सतरंजीवर बसल्या. लेकरू स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होतं. त्यांनी दुसरं झाकण घेतलं आणि आपलं आपण फिरवू लागल्या. बोलल्या नाहीत, हाक मारली नाही. तीन फेऱ्या असंच. मी मनात तिकिटाचे पैसे मोजत होते. चौथ्या खेपेला लेकरानं आपलं झाकण त्यांच्याकडं ढकललं आणि थांबलं. त्यांनी फिरवून परत ढकललं.

त्या दिवशी ताईंनी मला विचारलं, "ह्याच्यासोबत तुम्हाला काय करायला आवडतं?"

मला उत्तर देता आलं नाही. तोवर मला जे विचारलं गेलं होतं ते वेगळं होतं. ग्रहण पाळलं होतं का? पोटुशी असताना तिन्हीसांजेला कुठं गेली होतीस का? मोबाईल दिलास का? मला वाटायचं हे आमच्या खेड्यातच होतं. ताई म्हणाल्या, नाही. 1967 साली अमेरिकेत ब्रुनो बेटेलहाइमचं पुस्तक आलं. आईची माया थंड असते म्हणून लेकरू असं आत मिटतं, ही समजूत त्यानं शिकल्यासवरल्या घरांत पोचवली. शिकागोकडच्या आयांनी ती मान खाली घालून ऐकली, जशी मी ग्रहणाची ऐकत होते. पुढं ती खोटी ठरली. पण खाली घातलेली मान वर यायला वेळ लागतो, देवा. माझी अजून पुरती आलेली नाही.

ताई म्हणाल्या, घरातलं काहीही, दोन मिनिटांचं, मोबाईलवर घेऊन या. मी आणलं ते आत्याबाईंचं. त्या ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. लेकरू सुपापाशी पालथं पडलेलं, गाल जमिनीला टेकवून. सुपाची ती लय तुला माहीत आहे: सळसळ, सळसळ, मग हलकी थाप. थाप पडली की ते हसायचं. आत्याबाई खडा वेचायला थांबल्या. लेकरानं त्यांचं मनगट धरलं आणि हात सुपावर नेऊन ठेवला. त्या म्हणाल्या, "काय पाहिजे माझ्या राजाला?" आणि तशाच थांबल्या. लेकरानं वर बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही वर धरलं नव्हतं. त्याचं त्यानं वर बघितलं, सरळ त्यांच्या तोंडाकडं. आत्याबाईंनी सूप हलवलं.

ताईंनी ते तेवढंच तीनदा दाखवलं. मी रडत होते. आत्याबाईंना घरी येऊन सांगितलं की तुम्हीच त्याच्या थेरपिस्ट, तर म्हणाल्या, "मी काहून? मी तर ज्वारी पाखडत होते."

गोव्यातल्या 'संगत' संस्थेनं आणि सीमेपलीकडं रावळपिंडीतल्या लोकांनी मिळून हेच करून बघितलं होतं. 2016 साली ते 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आलं. 65 लेकरं, 12 भेटी. आई आणि लेकरू खेळतानाचा व्हिडिओ घ्यायचा, आईसोबत बसून बघायचा, आणि लेकरू कुठं हाक मारतंय ते तिचं तिलाच सापडू द्यायचं. भेटी द्यायला मोठे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. आईबाप लेकराच्या तालावर आले, आणि लेकरं आपणहून त्यांना जास्त बोलावू लागली. मला ह्यातलं एवढंच पुरे आहे, देवा: शिकायचं होतं ते मोठ्यांना.

आमचं लेकरू अजून तोंडानं बोलत नाही. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप ताईंनी माझ्या मोबाईलवर टाकून दिलं. चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल बोलतो. महिनाभर ते नुसतं बोटानं ढोसत बसलं. एका सकाळी मी दूध पुढं केलं, त्यावर साय होती. त्यानं मोबाईल ओढला, शोधून बोट ठेवलं, आणि घरात आवाज उमटला: नको. बाकीच्या लेकरांचा पहिला शब्द आई असतो, बाबा असतो. ह्याचा 'नको' होता. मी दूध मागं घेतलं, साय काढली. दुसऱ्या दिवशी त्यानं बिनसायीचं दूध मागून घेतलं. 'नको' मानलं जातं हे कळल्यावर त्याला 'पाहिजे' म्हणायचा भरवसा आला, असं मला वाटतं. त्या टेबलापुढच्या खुर्चीत त्याचं 'नको' कुणीच ऐकलं नव्हतं. मीही नाही.

ह्या सगळ्यानंतर मी तुझीच गोष्ट परत ऐकली. आमच्या गावाच्या नावात केदार आहे, तुझ्या वडिलांचं नाव. त्या वडिलांनी तुला ओळखलं नव्हतं. दारात उभं असलेलं लेकरू आपलं आहे हे त्यांना कळलं नाही, आणि ऐकत नाही म्हणून त्यांनी मस्तक उडवलं. पण मला आता तुझी आई जास्त दिसते. शिवपुराणात ती संतापते तेव्हा मागते काय? माझं लेकरू उठवा, आणि देवांत त्याला मानाचं स्थान द्या. हत्तीचं तोंड घेऊन तू उठलास तेव्हा तिनं तुला पोटाशी धरलं. हे तोंड चार देवांसारखं करून द्या, असं ती म्हणाल्याचं मी कुठल्याच कीर्तनात ऐकलं नाही. अंगारकीच्या रात्री मी तुझ्या त्याच तोंडाकडं बघत, माझं लेकरू चार लेकरांसारखं कर म्हणून मागत होते. तुला काय वाटलं असेल?

1993 साली कॅनडात टोरंटोच्या एका परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी आईबापांपुढं आपलं म्हणणं मांडलं. ते स्वतः स्वमग्न. सांगण्याचा अर्थ असा होता की मनातलं लेकरू आलं नाही ह्याचं दुःख तुमचं तुम्ही सोसा, पण आलेल्या लेकराच्या नावानं रडू नका. मला हे ताईंनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. जिवंत लेकराचं सुतक धरून बसले होते मी. नवस त्या सुतकातच बोलले.

आमच्या लेकराला लावतात तो स्वमग्न हा शब्द अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ठीक आहे. पण तू बघितलं आहेस ना त्याला सुपापाशी? ते स्वतःत मग्न नसतं. सुपात असतं, ज्वारीत असतं, आजीच्या मनगटात असतं. हल्ली ते पप्पांसोबत मळ्यात जातं आणि मोटार चालू झाली की पाण्याच्या पाइपावर दोन्ही तळवे ठेवून उभं राहतं, पाइपाची थरथर अंगात घेत. आधी त्याचे पप्पा म्हणायचे, पोरगा ठीक आहे, तुलाच डॉक्टरचं वेड लागलंय. आता तेही पाइपावर हात ठेवून उभे राहतात. बोलत नाहीत दोघंही. त्यांनाही ओळखायला वेळ लागला, देवा, पण त्यांनी ओळखलं.

माझ्या आईचा एक चुलतभाऊ होता. सुगीच्या दिवसांत सगळे रानात जायचे आणि त्याला ओसरीच्या खांबाला दोरीनं बांधून ठेवायचे, नाहीतर कुठंही निघून जायचा. दिवसभर एकच सूर गुणगुणत बसायचा. त्याला येडा म्हणायचे. त्याचं खरं नाव मला आईला विचारून घ्यावं लागलं. बांधणारी माणसंही निर्दय नव्हती. दुसरं काही सुचवणारं कुणी त्यांच्या दारात आलं नाही. त्याच्यासाठी आज पहिल्यांदा तुझ्यापुढं हात जोडते. उशीर झाला, पण जोडते.

आता मागणं.

ताईंना सांभाळ. त्यांनाही दमायला होतं, त्यांचाही पगार थकतो. संभाजीनगरात अंबिका टाकळकरांनी आपल्या मुलासाठी वाट शोधता शोधता 'आरंभ' उभं केलं, मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्तींनी 2001 साली 'उम्मीद' सुरू करून वस्तीतल्या बायांना हे काम शिकवलं. असं शिकलेली एक तरी बाई आमच्या पूर्णाकाठच्या गावांना दे. ती आशाताई असो, अंगणवाडीची सेविका असो. एसटीचं तिकीट आणि दोन दिवसांची मजुरी ज्या आईजवळ नाही, तिच्या ओसरीवर जाऊन बसणारी दे. ऊसतोडीला गेलेल्या कोपीत, वीटभट्टीवर जी लेकरं अशीच कानात बोटं घालून बसली असतील, त्यांचं तर अजून कुणी नावही लिहिलेलं नाही. तू लिहून घे.

कागदपत्रांचंही बघ, कारण सुरुवात तुझ्या नावानं करतात. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात आमचं लेकरू बसतं. निरामय योजनेत थेरपीसकट वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, आणि कित्येक आयांना ते माहीतच नाही. दाखल्यासाठी 'इसा' नावाची मोजपट्टी लावतात. 40 मुद्दे. डोळ्याला डोळा देत नाही, किती गुण. हात हलवतो, किती गुण. त्या कागदाला मी दोष देत नाही, तो लागतोच. पण तो भरून घेणाऱ्याला एवढी बुद्धी दे की पेन खाली ठेवल्यावर त्यानं एकदा विचारावं, ह्याला आनंद कशानं होतो?

शाळेतल्या गुरुजींना धीर दे. परिपाठाला ढोल वाजतो तेव्हा ते ह्याला आंब्याखाली जाऊन बसू देतात; वरून कुणी विचारलं तर त्यांना उत्तर सुचू दे. मंडळाच्या पोरांना, आमच्या घरापुढून जाताना तेवढा डीजे बंद ठेवायची सुबुद्धी दे. तुझेच भक्त आहेत, तुझंच ऐकतील.

मला कधी कधी त्याचा कंटाळा येतो. रात्री दोनला ते भिंतीवर डोकं आपटतं, मी हात मध्ये धरते, आणि मनात नको ते येतं. तेव्हा मला सोडू नकोस. त्याला झोप दे, मला झोप दे. आणि विहिरींपासून त्याला राख. पाण्याची त्याला ओढ आहे, आणि आमच्याकडं निम्म्या विहिरींना कठडे नाहीत. दुसरं सगळं आम्ही शिकून घेऊ, देवा. हे एक माझ्या हातात नाही.

आता नवसाचं. बोलतं कर, चार लेकरांसारखं कर, ही अट मी परत घेते. गूळ परत घेत नाही. त्याचं वजन परवा आशाताईंनी केलं, 17 किलो भरलं. गूळ सांगून ठेवलाय. बोललं तर बोललं. ज्या वाटेनं बोलेल ती वाट त्याची.

पण अंगारकीला आणणार नाही मी त्याला. येत्या बुधवारी दुपारी येऊ, गर्दी नसते तेव्हा. घंटा वाजवणार नाही, आरतीला थांबणार नाही, त्याबद्दल रागवू नकोस. ते जिथं बसेल तिथं बसू, मग ते गाभाऱ्याकडं पाठ करून का बसेना. आत्याबाई सूप सोबत घेणार म्हणतात. एसटीत सूप कशाला म्हणून मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, तिथं त्याला करमलं नाही तर?

चंद्र आला वाटतं. आत्याबाई हाक मारतायत.